चौकोन-त्रिकोणांचं दफन

कान्येझी, बाजाराचा दिवस

तीर्थरूप फेलेसियाताईस,

धाकट्या जायलोसीचा गुडघे टेकून, तळहातावर तळहात हलकेच वाजवून नमस्कार. तू बरी असशील तर मीही बरा आहे. आणि तू बरी नसशील, तर तुझ्याआधी बरं होण्याचा उद्धटपणा मी करणार नाही. गुडघ्याचं कसं आहे? सालिमाच्या उन्हात सांधे मोकळे होतात असं ऐकतो. इथे डेड्झाच्या थंडीत माझे सांधे मीच केलेल्या खिडक्यांसारखे वागतात, एकदा उघडले की मिटायला मागत नाहीत. दाजींच्या खोकल्याला उतार पडला का? त्यांनी पाठवलेली सुकी मासळी पोचली. मांजरानं खाल्ली असं मी शेजारी सांगितलंय, नाहीतर वाटावी लागली असती.

हे सगळं फोनवरही विचारता आलं असतं, हे मला कळतं. पण फोनवर तू मध्ये बोलतेस. पत्रात तुला शेवटपर्यंत थांबावं लागतं, आणि या खेपेला तू शेवटपर्यंत थांबावंस अशी माझी फार इच्छा आहे.

तामांदानी सुखरूप पोचली असेल. तिनं काही सांगितलं नसणार. पोरगी तुझी असली तरी बोलण्यात तुझ्यावर गेलेली नाही. पण नोकरी सोडून घरी आलेली मुलगी गप्प बसली की घरचे लोक विचारू लागतात, नक्की बोललं कोण? आणि आपल्या घराण्यात हा शोध नेहमी माझ्या दारात येऊन संपतो. तेव्हा तू शोधायला निघण्याआधी मीच सापडतो.

तुला आठवत असेल, तिला इथे मीच बोलावलं. भाचीचं भलंबुरं मामानं बघायचं ही आपली रीत, आणि गावाला बालवाडीसाठी शिकलेली मुलगी हवी होती. माझ्या कारखान्यासमोर (कारखाना म्हणजे पत्र्याचं छप्पर आणि मी) ते मोठं काचेरेचं झाड आहे, त्याच्या सावलीत बालवाडी भरते. सकाळी नाम्बेवे आजी आणि तिच्या सोबतच्या बायका मक्याची पेज शिजवतात, पोरं पेज खातात आणि मग शिकतात. तामा येण्याआधी शिकणं म्हणजे ओरडणं होतं. एकानं ओरडायचं, बाकीच्यांनी तेच पुन्हा ओरडायचं. मी समोर रंधा मारत असायचो आणि दुपारपर्यंत मलाही आकडे पाठ व्हायचे.

तामानं आल्या आल्या ओरडणं बंद केलं. माझ्याकडे येऊन म्हणाली, "मामा, मला गोल, चौकोन, त्रिकोण पाहिजेत. लाकडाचे. मुठीत मावतील एवढे." मी म्हटलं, एवढंच? मी दारं करतो, खिडक्या करतो, स्टुलं करतो आणि पेट्या करतो. (पेट्या म्हणजे कुठल्या ते तुला ठाऊक आहे. माझ्या पाटीवर लिहिलंय: 'घाई नाही, आम्ही आहोत'. ही पाटी दारा-खिडक्यांसाठी लिहिली होती, पण लोकांनी तिचा अर्थ आपापला लावला.) उरलेले तुकडे मी एका पोत्यात टाकत असतो. त्या पोत्यातून चांगलं गुळगुळीत पाइन निवडलं, कापलं, घासलं, कोपरे बोथट केले, उरल्यासुरल्या रंगाचे हात दिले. तिनं एक तुकडा नाकाशी नेला आणि विचारलं, "मामा, हे कशातलं आहे?"

"लाकडातलं," मी म्हटलं.

तिनं तुकडा माझ्या हातात परत ठेवला. "बरं. कुणी विचारलं तर हेच उत्तर द्या. याच्यापुढे एक शब्द नको."

ताई, एवढं सोपं काम जगात आजवर कुणाला कुणी सांगितलं नसेल.

आणि मग काय मजा सुरू झाली म्हणतेस! पोरं पिशवीत हात घालायची, डोळे मिटून चाचपायची आणि आत काय आहे ते सांगायची. चौकोनावर त्रिकोण ठेवून घरं व्हायची, गोलांची कोंबडी, अर्ध्या गोलांची होडी. तामा जमिनीवर राखेनं मोठा त्रिकोण आखायची आणि पोरं त्याच्या रेघेवरून चालायची. कोपरा आला की थांबून वळायचं आणि 'एक' म्हणायचं. मी रंधा बाजूला ठेवून बघत बसायचो. एका माणसाची पेटी यापायी उशिरा झाली, पण त्यानं काही तक्रार केली नाही. नाम्बेवे आजीची नात त्सालानी, आई गेल्यापासून आजीच्या पदराबाहेर न येणारी, न बोलणारी, ती एक दिवस उठून लाल त्रिकोण घेऊन आली आणि इतरांच्या घरांवर ठेवून पाहू लागली. बोलली नाही, पण उठली. आजी पेज ढवळायची थांबली. पेज तळाला लागली, आणि त्या दिवशी करपलेल्या पेजेबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

इथपर्यंत वाचून तुला वाटेल, मग बिघडलं कुठे? थांब. मी अजून बोललेलो नाही.

जिल्ह्याच्या गावाहून बाई बालवाडी बघायला आल्या. सगळं गाव झाडाखाली जमलं. पोरांनी पिशवीचा खेळ दाखवला, राखेच्या रेघेवरून चालून दाखवलं, बाई खूश झाल्या. त्यांनी एक चौकोन हातात घेतला, त्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "किती सुरेख काम आहे! कुठून आणलंत?" आणि आपले गावप्रमुख, ज्यांच्या घराची चारी दारं मी केलीत, ते खुशाल म्हणाले, "शहरातून आलं असणार. इथे असं कोण करतंय?"

ताई, मी उठलो. तामानं डोळ्यांनी सांगितलं, बसा. मला दिसलं. पण माझे पाय एकदा उभे राहिले की तोंडही उभं राहतं. मी म्हटलं, शहरातून कशाला, हे माझ्या हातचं आहे! प्रमुख हसले, म्हणाले, "जायलोसी, तुझी दारं तर हाताला कुसळं देतात." मी म्हटलं, दारांना साधी फळी लागते, पेट्यांना मी चांगली वापरतो, हे तिच्यातले तुकडे आहेत. मागे काही पुरुष हसले. (तुला ठाऊकच आहे, मला कुणी हसलं की मी वाहवत जातो. लहानपणी जेवताना हसवून हसवून तू माझी मासळी खायचीस.) मग मी एकेक तुकडा उचलून ओळख करून देऊ लागलो. हा हिरवा चौकोन, प्रमुखसाहेब, तुमच्या काकांचा. उंच माणूस, पेटीत मावेना, दोनदा फळी जोडावी लागली. हा गोल जुन्या हेडमास्तरांचा. तेही असेच होते, कुठल्याच बाजूनं पकडता यायचे नाहीत. हसणं वाढलं. मग हसणं कमी झालं. पण मला ते ऐकूच आलं नाही, कारण मी बोलत होतो. शेवटी मी त्सालानीच्या मुठीकडे बोट दाखवलं आणि म्हटलं, आणि हा लाल त्रिकोण, बाळ, तुझ्या आईचा.

त्यानंतर जी शांतता झाली ती मी आजवर फक्त माझ्या गिऱ्हाइकांच्या घरी अनुभवली आहे.

मग एकदम सगळ्या आया धावल्या. पोरांच्या हातातले तुकडे हिसकले, पोरांनी भोकाड पसरलं. एकाच्या तोंडातून अर्धा गोल काढताना त्याच्या आईचं बोटच चावलं गेलं. "माझ्या लेकरानं हेडमास्तर चघळला!" असं ती किंचाळली. जिल्ह्याच्या बाईंनी आपला चौकोन अलगद माझ्याच हातात ठेवला आणि रुमालाला हात पुसले. प्रमुख काकांच्या चौकोनाकडे बघत उभे राहिले. आणि तामा, ताई, तामा ओरडली नाही. ती खाली बसून रडणाऱ्या पोरांना जवळ घेत होती. ती ओरडली असती तर मला आज हे पत्र लिहिणं सोपं गेलं असतं.

आता तुकडे सुपात गोळा झाले, पण त्यांचं करायचं काय? कुणी म्हणालं चुलीत घाला. नाम्बेवे आजी म्हणाली, "त्यावर शिजवलेली पेज तू खाणार?" कुणी म्हणालं नदीत सोडा. पण नदी पुढे खालच्या गावाला जाते, आणि खालच्या गावाशी आपलं आधीच पटत नाही. शेवटी असं ठरलं की जे ज्याचं आहे ते त्याच्याकडे जावं, म्हणजे दफनभूमीत. आणि दफन म्हटलं की पेटी आली. आणि पेटी म्हटलं की सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

तेव्हा मी, ताई, पेट्यांच्या तुकड्यांसाठी पेटी केली. माप घ्यायला गेलो आणि सवयीनं विचारलं, "उंची किती होती?" कुणी हसलं नाही. पेटी चांगली केली, माझ्या आयुष्यातली सर्वांत चांगली. (ती कापल्यावर काही तुकडे उरले. त्यांचं मी काय केलं ते विचारू नकोस.) चर्चचे वडीलधारे आले, प्रार्थनेत नाव कुणाचं घ्यायचं यावर बरीच कुजबुज झाली, शेवटी त्यांनी 'हे सर्व' असं म्हणून वेळ मारून नेली. प्रमुखांनी भाषण केलं की हे आपल्यातून फार लवकर गेले. बायकांनी गाणं धरलं, आणि आपल्याकडे गाणं धरलं की आत कोण आहे याचा विचार न करता माणसं रडतात, मीही रडलो. आणि ऐन पेटी खाली सोडताना पोरांच्या रांगेतून एक खणखणीत आवाज आला: "पेटी आयत आहे!" लगेच दुसरा: "खड्डापण आयत आहे!" आणि मग सगळीच पोरं, "आयत! आयत!"

आयांनी त्यांची तोंडं दाबली. मी तामाकडे पाहिलं. तिनं शिकवलेलं पोरांच्या डोक्यात किती पक्कं बसलंय हे साऱ्या गावानं ऐकलं होतं, आणि कुणी तिला शाबास म्हणणार नव्हतं. तिनं तोंडावर हात घेतला आणि पाठ फिरवली. ती हसत होती की रडत होती हे मला अजून कळलेलं नाही. तुला कळलं तर कळव.

नंतर तिनं पुष्कळ प्रयत्न केला. बटाट्याचे चौकोन कापले, कसाव्याच्या चकत्या केल्या, चिखलाचे त्रिकोण वाळवले. पण आया पोरांना पाठवीनात. म्हणायच्या, बटाटा चांगला आहे, पण सुरी मामाच्या घरची आहे. झाडाखाली पोरं कमी कमी होत गेली आणि एक दिवस ती एकटीच राखेची रेघ आखून उभी होती, आणि रेघेवरून एक कोंबडी चालत होती. त्या संध्याकाळी मी माफी मागायला गेलो. बरंच तयार करून गेलो होतो. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मामा, लेकरं हातानं शिकतात, म्हणून त्यांच्याकडून चुकलं तर पुन्हा करून बघता येतं. मोठी माणसं कानानं शिकतात. त्यांच्या कानात गेलेलं मी कसं काढू?"

गुरुवारच्या मिनीबसला तिची पिशवी मीच उचलून नेली. वाटलं होतं, गाडी भरेपर्यंत वेळ आहे, काहीतरी नीट बोलेन. पण गाडी भरलेलीच आली, आणि निघेपर्यंत कंडक्टरच बोलत होता. ज्या एका वेळी मी बोलायला हवं होतं, त्या वेळी माझ्याहून बडबड्या माणूस भेटला. ती खिडकीतून म्हणाली, "मामा, जेवत जा," आणि गाडी गेली.

यानंतरची गोष्ट तिला ठाऊक नाही, म्हणून नीट वाच.

ती गेल्यावर दोन-तीन दिवसांनी भर दुपारी नाम्बेवे आजी माझ्या छपराखाली येऊन उभी राहिली. एकटी. मी घाबरून म्हटलं, "पेटी हवी आहे का, आजी?" (सवय, ताई, सवय.)

"अजून नको," ती म्हणाली आणि स्टुलावर बसली. मग म्हणाली, "त्सालानी तो त्रिकोण सोडत नाही. दफनाच्या दिवशी कपड्यात पोटाशी लपवला होता. मी पाहिला होता."

"मग तुम्ही बोलला नाहीत?"

"सगळं पाहिलेलं बोलायचं नसतं, जायलोसी. हे तुला कुणी सांगितलं नाही वाटतं." मग ती पुढे वाकली. "आता खरं सांग. तो तुकडा माझ्या लेकीच्या, फानीच्या पेटीतलाच आहे?"

ताई, मी विचार केला. आयुष्यात पहिल्यांदा तोंड उघडण्याआधी विचार केला. मला वाटलं, ठाऊक नाही म्हटलं तर म्हातारीच्या मनावरचं ओझं उतरेल. आणि खरंही तेच होतं. मी म्हटलं, "आजी, मला ठाऊक नाही. दारं, खिडक्या, पेट्या, सगळ्यांचे तुकडे एकाच पोत्यात असतात. सगळं पाइन एकसारखं, पेट्यांना चांगली फळी ही नुसती बढाई. लोक हसत गेले आणि मी नावं लावत गेलो. काकांचा चौकोन, हेडमास्तरांचा गोल, सगळं बनवलेलं."

मला वाटलं ती स्टूल फेकून मारेल. ती हळूच म्हणाली, "म्हणजे कुणाच्या दाराचाही असेल."

"असेल."

"पोरगी झोपली की तिच्या मुठीतून तो सोडवून मी हातात घेऊन बसते." तिनं पदर डोळ्यांना लावला नाही. "आता काय, दार घेऊन बसू?"

खोटं बोलून मी गावाच्या पोरांचे खेळ घालवले, आणि खरं बोलून एका म्हातारीची लेक दुसऱ्यांदा नेली. इतकं मोठं कुऱ्हाडीचं काम मी कधी लाकडावरही केलेलं नाही. ती उठली, जाता जाता वळून म्हणाली, "त्सालानीला सांगू नकोस. वचन दे. तुला जमेल का?" मी दिलं. (तुला लिहिलं ते यात धरायचं नाही, तू सालिमाला आहेस.)

दुसऱ्या दिवशी सकाळी काचेरेखाली धूर दिसला. आजीनं पेजेचं पातेलं चढवलं होतं आणि त्सालानी मुळावर बसली होती. आजीनं कुणाला बोलावलं नाही. काकांचा चौकोन, हेडमास्तरांचा गोल ही नावं मी मनानं रचली होती ही गोष्ट मात्र तिनं पाणवठ्यावर एकदाच सांगितली, आणि वर म्हणाली, "लाकडात भूत नव्हतं. त्याच्या जिभेत होतं." पेजेच्या वासावर एकेक पोर येऊ लागलं. आयाही आल्या, आणि रिकाम्या हातांनी नाही. कुणी डब्याचं झाकण आणलं, कुणी गाडग्याखालची चुंबळ, कुणी साबणाची वडी, कुणी अर्धा भोपळा, कुणी भिंतीवरचा मोडका आरसा. घराघरातले गोल आणि चौकोन येऊन पडले, पण शिकवणारी कुठे? आजीनं पळी माझ्याकडे रोखली. "मोडलंस तू. बस तू."

तेव्हापासून सकाळी मी तिथे बसतो. पहिल्याच दिवशी पोरांनी मला पिशवीचा खेळ खेळायला लावला. मी डोळे मिटून हात घातला, आत बेडूक होता. "मामा, सांगा, कुठला आकार?" मी जो आकार सांगितला तो पत्रात लिहिता येत नाही. राखेची रेघ मी आखतो ती वाकडी येते. कारखान्यात माझी रेघ कधी वाकडी येत नाही, पण इथे सगळी बघत असतात. आयत आणि चौकोन यांत मी दोनदा चुकलो आणि एका चार वर्षांच्या पोरानं माझा हात धरून मला चारी बाजूंवरून फिरवलं. काल त्सालानीनं झाकणांचं घर रचलं आणि वर तो त्रिकोण ठेवला. मी छातीवर दगड ठेवून विचारलं, "हे काय, बाळ?" (काय उत्तर येईल याची मी तयारी करून ठेवली होती.)

ती म्हणाली, "छप्पर."

तिची आई गेल्यापासून तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला, ताई. आणि हे ज्या मुलीनं घडवलं, ती ऐकायला तिथे नव्हती. ती तुझ्या अंगणात मासळी वाळवत होती.

दाजींना नमस्कार, शेजारीपाजारी सर्वांना हात जोडून विचारलं आहे म्हणून सांग. गुडघ्याला तेल लाव.

तुझा चुकलेला भाऊ,
जायलोसी

ता. क. तुझ्या गुडघ्यासाठी हे पत्र लिहिलं नाही, हे तू ओळखलंच असशील. तामाला परत पाठव. मामा म्हणून हुकूम करण्याचा हक्क मला आहे असं रीत सांगते, पण तो वापरण्याचं तोंड मला उरलेलं नाही. म्हणून तू आई म्हणून सांग.

आणखी एक. मामाच्या जिभेमुळे येत नाही असं ती म्हणाली, तर तिला सांग की त्याचा बंदोबस्त झाला आहे. पुढच्या वेळी कुणी बालवाडी बघायला आलं, तर मी नाम्बेवे आजीच्या शेजारी बसणार आणि पळी आजीच्या हातात असणार. हे माझ्यासमोर ठरलं, मला न विचारता.

आणि शेवटचं. त्सालानी बोलली हे तू तिला सांगू नकोस. ते तिनं इथे येऊन स्वतःच्या कानांनी ऐकावं. तिनं विचारलंच की सध्या मुलांकडे कोण बघतंय, तर 'कोणी नाही' म्हणून सांग. खोटं होणार नाही. मुलांचंही हेच मत आहे.